मुत्सद्द्याची टिपणे आणि गोंदियाचा सातबारा

परराष्ट्रनीती हा दिल्लीच्या सचिवालयात, इंग्रजी टिपणांतून आणि सांकेतिक तारांतून चालणारा व्यवहार आहे आणि धानाच्या बांधीत उभ्या असलेल्या शेतकऱ्याशी त्याचा काडीइतकाही संबंध नाही, असा समज आपल्याकडे दृढमूल आहे. तो खोडून काढण्यासाठी फार दूर जावयास नको. गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव हा एक तालुका त्यासाठी पुरेसा आहे. या तालुक्यात, गोंदिया–बल्लारशा लोहमार्गालगत, अरुणनगरसारख्या बंगाली वसाहती आहेत. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांनी त्या वसवल्या. याच तालुक्यात, इटियाडोह धरणाच्या परिसरात, गोठणगाव-प्रतापगडजवळ नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत १९७२ पासून नांदत आहे. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झाला. परंतु तिबेटी लोकांच्या बोलण्यात या वसाहतीचे नाव अद्यापही ‘भंडारा’ असेच येते.

एका तालुक्यात दोन परागंदा समाज यावेत, हा निव्वळ योगायोग म्हणून सोडून देता येणार नाही. या दोन्ही वसाहतींच्या मुळाशी भारताच्या परराष्ट्रव्यवहारातील दोन मोठे प्रश्न आहेत : पूर्व बंगाल आणि तिबेट. हे दोन्ही प्रश्न ज्याच्या टेबलावरून गेले असा एक अधिकारी होता. त्याचे नाव सुबिमल दत्त. भारताच्या परराष्ट्र सचिवपदावर सर्वाधिक काळ राहिलेला हा बंगाली मुत्सद्दी १९९२ मध्ये निधन पावला. त्याच्या कारकिर्दीकडे अर्जुनी मोरगावच्या शिवारातून पाहिले, तर सल्लागार या पदाचा अर्थ आणि त्याची मर्यादा या दोन्ही गोष्टी जितक्या स्पष्ट दिसतात, तितक्या त्या दिल्लीतून पाहिल्यास दिसत नाहीत.

चितगावचा सनदी अधिकारी

दत्त यांचा जन्म १९०३ चा, चितगाव जिल्ह्यातला. १९२८ मध्ये ते आय.सी.एस.मध्ये दाखल झाले. स्वातंत्र्यानंतर परराष्ट्र खात्यातील राष्ट्रकुल विभागाचे काम त्यांच्याकडे आले. पाकिस्तानशी असलेले संबंध याच विभागाच्या कक्षेत येत. म्हणजे ज्या गावात जन्म झाला तेच गाव परराष्ट्रात गेले आणि त्या परराष्ट्राशी पत्रव्यवहार करण्याचे काम मात्र याच माणसाच्या वाट्याला आले. पुढे ते पश्चिम जर्मनीत राजदूत झाले. ऑक्टोबर १९५५ पासून एप्रिल १९६१ पर्यंत, सुमारे साडेपाच वर्षे, त्यांनी परराष्ट्र सचिवपद सांभाळले. त्यानंतर मॉस्कोतील राजदूतपद, राष्ट्रपतींचे सचिवपद, १९६८ ते १९७२ या काळात केंद्रीय दक्षता आयुक्तपद आणि अखेरीस, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, नव्याने जन्मलेल्या बांगलादेशात भारताचे पहिले उच्चायुक्तपद, असा त्यांच्या सेवेचा आलेख आहे.

परराष्ट्र सचिव हा तेव्हा पंतप्रधानांचा प्रत्यक्ष सल्लागारच होता, कारण पंडित नेहरूंनी परराष्ट्र खाते अखेरपर्यंत स्वतःकडे ठेवले होते. परंतु हा सल्लागार एकटा नव्हता. त्याच्यावर खात्याचे महासचिव होते आणि बाजूला कृष्ण मेनन यांच्यासारखे, पंतप्रधानांच्या कानाशी थेट पोहोचणारे सहकारी होते. शिवाय परराष्ट्रव्यवहारात स्वतः नेहरूंइतका जाणता माणूस मंत्रिमंडळात दुसरा नव्हता. अशा पंतप्रधानाला सल्ला देणे म्हणजे पुष्कळदा त्याचा विचार नीट शब्दांत मांडून देणे एवढेच उरते. दत्त यांच्या कारकिर्दीचे मोल ठरवताना हे विसरून चालणार नाही.

फेब्रुवारी १९५८ चे टिपण

तरीही असे प्रसंग येतात की ज्या वेळी सल्लागाराने काय लिहिले, याला इतिहासात स्वतंत्र स्थान मिळते. चीनने सिंकियांग आणि तिबेट यांना जोडणारा रस्ता पूर्ण केल्याचे १९५७ मध्ये जाहीर झाले. हा रस्ता लडाखमधील अक्साई चीनमधून जातो, याबद्दल फारशी शंका उरत नाही, असे टिपण दत्त यांनी फेब्रुवारी १९५८ मध्ये पंतप्रधानांपुढे ठेवले आणि प्रत्यक्ष पाहणीसाठी तुकडी पाठवावी असे सुचवले. पुढे उन्हाळ्यात तुकड्या गेल्या आणि त्यांपैकी एक चिन्यांच्या ताब्यात सापडली. १८ ऑक्टोबर १९५८ रोजी परराष्ट्र सचिवांनी चिनी राजदूतांच्या हाती निषेधाचे पत्र दिले.

येथवरचा इतिहास दत्त यांच्या दक्षतेची साक्ष देतो. यापुढचा भाग मात्र अस्वस्थ करणारा आहे. देशाच्या भूमीवरून परक्या राष्ट्राचा रस्ता गेला आहे, ही गोष्ट संसदेला अधिकृतपणे कळली ती ऑगस्ट १९५९ अखेर, म्हणजे त्या टिपणानंतर सुमारे दीड वर्षाने. श्वेतपत्रिका निघाली ती सप्टेंबरमध्ये. अर्थशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर येथे एक तोटा झाला होता, त्याची नोंद खातेवहीत झाली होती. परंतु ताळेबंद भागधारकांपुढे मांडला गेला नव्हता. लपवलेला तोटा नाहीसा होत नसतो. तो पुढच्या वर्षाच्या हिशेबात व्याजासह उगवतो. एप्रिल १९६० मध्ये चौ एन लाय दिल्लीस आले, तेव्हा तडजोडीस वाव किती होता याविषयी आजही मतभेद आहेत. परंतु आधी अंधारात ठेवले गेलेले आणि नंतर एकाएकी संतप्त झालेले लोकमत पाठीशी असताना कोणत्याही पंतप्रधानाला मोकळेपणाने वाटाघाटी करणे अवघड झाले असते, हे मान्य करावयास हरकत नाही.

हा दोष दत्त यांचा म्हणता येईल काय? सनदी सेवेच्या शिस्तीत वाढलेल्या अधिकाऱ्याने मंत्र्याला खरे सांगावे आणि बाहेर मौन पाळावे, असा दंडक होता. त्यांनी तो पाळला. त्यांचे ‘विथ नेहरू इन द फॉरिन ऑफिस’ हे पुस्तक १९७७ मध्ये, म्हणजे त्या पदावरून उतरल्यानंतर सोळा वर्षांनी आले. लेखणी प्रामाणिक होती, परंतु ती केवळ एकाच वाचकासाठी चालली. सल्लागाराच्या या मूक परंपरेची ही मोठीच उणीव म्हटली पाहिजे.

गंगटोकचा मराठी माणूस

या कथेत एक मराठी पात्रही आहे. औंधच्या पंतप्रतिनिधींच्या घराण्यातील अप्पासाहेब पंत १९५५ ते १९६१ या काळात सिक्कीममध्ये पोलिटिकल ऑफिसर होते. तिबेटमधील भारतीय कचेऱ्यांवर देखरेख ठेवण्याचे काम त्यांचेच. सप्टेंबर १९५८ मध्ये नेहरू चुंबी खोऱ्यातून भूतानला गेले, त्या खडतर प्रवासात पंत त्यांच्याबरोबर होते. दिल्लीत बसलेला बंगाली सचिव फायलीतून तिबेट पाहत होता, तर गंगटोकचा मराठी अधिकारी खिंडीतून येणारी माणसे पाहत होता. पंतांना तिबेटी समाजाविषयी वाटणारी आत्मीयता प्रसिद्ध आहे. सीमेवरच्या माणसाला जे माणूस म्हणून दिसते, ते सचिवालयात पोहोचेपर्यंत ‘प्रश्न’ होऊन जाते. सल्ला देणाऱ्या यंत्रणेला या दोन्ही प्रकारच्या नजरा लागतात.

३१ मार्च १९५९ रोजी दलाई लामा यांनी भारताच्या हद्दीत पाऊल ठेवले. आश्रय देण्याचा निर्णय नेहरूंचा होता आणि चीनशी संबंध बिघडत असतानाही तो घेतला गेला, हे भारताला भूषणावहच आहे. त्यांच्यामागून हजारो माणसे आली. म्हैसूर राज्यात बैलकुप्पे येथे १९६० मध्ये पहिली मोठी शेतकी वसाहत उभी राहिली आणि बारा वर्षांनी त्या साखळीतील एक कडी अर्जुनी मोरगावच्या जंगलपट्ट्यात येऊन टेकली. हिमालयाच्या थंडीत वाढलेल्या लोकांनी विदर्भाच्या उन्हात, झाडीपट्टीच्या तांबूस मातीत, धान आणि मका पिकवावयास सुरुवात केली. हिवाळ्यात शहराशहरांतून लोकरी कपडे विकणारे तिबेटी आपण पाहतो. शेती जे देऊ शकत नाही ते या फेरीतून भरून काढावयाचे, असे या समाजाच्या संसाराचे गणित आहे.

एकाच जिल्ह्यात दोन न्याय

बंगाली वसाहतींची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. ती समजून घेण्यासाठी एप्रिल १९५० च्या नेहरू–लियाकत कराराकडे जावे लागते. अल्पसंख्याकांनी आपापल्या देशातच राहावे, दोन्ही सरकारांनी त्यांना अभय द्यावे, जे बाहेर पडले त्यांना परत येण्याचा मार्ग मोकळा ठेवावा आणि त्यांची मालमत्ता त्यांचीच मानावी, हा त्या कराराचा आशय. हेतू उदात्त होता. रक्तपात थांबवण्यासाठी त्या क्षणी दुसरा उपाय होता असेही म्हणवत नाही. परंतु त्याचा आर्थिक परिणाम फार थोड्यांच्या ध्यानात येतो.

पंजाब आणि सिंधमधून आलेल्या निर्वासितांची मागे राहिलेली मालमत्ता गेली ती कायमची, हे सरकारने स्वीकारले. त्यामुळे १९५४ च्या कायद्याने त्यांना नुकसानभरपाईचा हक्क मिळाला. गोंदिया शहरातील सिंधी समाजाने व्यापारात जे स्थान मिळवले त्यात त्यांचे कष्ट मोठे आहेतच. परंतु पश्चिमेकडून आलेल्या निर्वासिताची गेलेली मालमत्ता कायद्याने मोजली, ही गोष्टही लहान नाही. पूर्व बंगालच्या निर्वासिताला हा हक्क नव्हता. कारण करारानुसार त्याची जमीन कागदोपत्री त्याचीच होती! १९६५ च्या युद्धानंतर पाकिस्तानने ती ‘शत्रूची मालमत्ता’ ठरवली. बांगलादेश झाल्यावर, १९७४ मध्ये, तिचे नाव ‘निहित मालमत्ता’ असे बदलले आणि परत करण्याचा कायदा होण्यास २००१ साल उजाडावे लागले. तोवर मूळ मालकांच्या दोन पिढ्या सरून गेल्या होत्या. म्हणजे सिंधी निर्वासिताला जे भरपाई म्हणून मिळाले, ते बंगाली निर्वासिताला मदत म्हणून मिळाले. भरपाई हा हक्क असतो, मदत ही कृपा असते. एका कराराच्या एका कलमातून निघालेला हा भेद गोंदिया शहर आणि अर्जुनी मोरगाव यांच्यामध्ये आजतागायत उभा आहे.

पश्चिम बंगालवर भार वाढला तेव्हा १९५८ मध्ये दंडकारण्य योजना आखली गेली. रायपूरजवळच्या माना छावणीतून माणसे निरनिराळ्या ठिकाणी पाठवली गेली. १९६४ च्या दंगलींनंतर लोंढा वाढला आणि तेव्हाच्या चांदा व भंडारा जिल्ह्यांतही वसाहती झाल्या. आलेले बहुसंख्य लोक नमोशूद्र समाजाचे, शेतीत आणि मासेमारीत निष्णात. पश्चिम बंगालमध्ये ही जात अनुसूचित आहे, महाराष्ट्राच्या यादीत ती नाही. कारण या याद्या राज्यवार असतात. सरकारनेच ज्याला एका राज्यातून उचलून दुसऱ्या राज्यात नेऊन वसवले, त्याची जात वाटेत रेल्वेच्या डब्यात हरवली, असा हा प्रकार आहे. सरकारी वाटपाच्या जमिनी महसूल खात्याच्या भाषेत सामान्यतः ‘भोगवटादार वर्ग दोन’ या सदरात मोडतात. त्या विकावयाच्या तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. तिबेटी वसाहतींची जमीन तर भाडेपट्ट्यावरचीच. नोर्ग्येलिंगमध्ये जन्मलेली मुले मराठी बोलतात, परंतु १ जुलै १९८७ नंतर जन्मलेल्यांना जन्माधारे नागरिकत्वाचा सोपा मार्ग नाही. नोंदणी प्रमाणपत्राचे नूतनीकरण करीत राहावे लागते. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्यात बांगलादेश आहे, चीन नाही. तेव्हा एकाच तालुक्यातील दोन निर्वासित वसाहतींना कायदा दोन मापे लावतो आणि त्या मापांचे मूळ पुन्हा परराष्ट्रनीतीतच सापडते.

ढाक्याचा धडा

१९७२ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी नोर्ग्येलिंग वसले त्याच वर्षी, दत्त ढाक्यास उच्चायुक्त म्हणून गेले. त्या वर्षी मार्चमध्ये पंचवीस वर्षांचा मैत्री करार झाला होता. मुक्तियुद्धातील उपकाराची भावना ताजी होती. परंतु कृतज्ञता हे परराष्ट्रव्यवहारातील सर्वांत लवकर नासणारे भांडवल आहे, याचा प्रत्यय थोड्याच दिवसांत येऊ लागला. नद्यांचे पाणी, सीमेवरील चोरटा व्यापार, महागाई यांवरून भारताविषयी नाराजी वाढत गेली. मूळचा चितगावचा, तेथील भाषा बोलणारा उच्चायुक्त ही भारताची जमेची बाजू होती. परंतु भाषेच्या जवळिकीने हितसंबंधांचे अंतर बुजत नाही. भू-सीमा कराराची बोलणी याच काळातील. १६ मे १९७४ रोजी इंदिरा गांधी आणि शेख मुजीबुर रहमान यांनी त्यावर सह्या केल्या. बांगलादेशाने त्याला त्याच वर्षी मान्यता दिली. भारताने मात्र शंभरावी घटनादुरुस्ती करून तो अमलात आणला तो ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री. १११ भारतीय आणि ५१ बांगलादेशी छिटमहालांची अदलाबदल होण्यास एक्केचाळीस वर्षे लागली. दरम्यान तेथील माणसे कोणत्याच राज्याची नव्हती. त्यांना ना शाळा होती, ना पोलीस ठाणे, ना मतदान. करारावर सही होते तेव्हा मुत्सद्द्याचे काम संपते. सामान्य माणसाची प्रतीक्षा तेथून सुरू होते.

सल्लागार या शब्दालाही काळानुसार वेगवेगळे वजन येते. ऑगस्ट २०२४ मध्ये शेख हसीना यांचे सरकार कोसळल्यावर ढाक्यात जे अंतरिम सरकार आले, त्यात माजी परराष्ट्र सचिव तौहिद हुसेन यांच्याकडे परराष्ट्र खाते सोपवण्यात आले. पदनाम सल्लागाराचे, अधिकार मंत्र्याचे. भारतातही ब्रजेश मिश्र यांच्यासारख्या मुत्सद्द्यांनी निवृत्तीनंतर राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार होऊन परराष्ट्रनीतीला वळण दिले. म्हणजे पडद्याआडचा टिपणकार आता रंगमंचावर आला आहे. तेव्हा त्याच्याकडून जबाबदारीची अपेक्षाही त्या प्रमाणात वाढली पाहिजे. अधिकार मंत्र्याचा आणि उत्तरदायित्व कारकुनाचे, हे लोकशाहीत चालू शकत नाही.

मोजमाप बदलावे

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, परराष्ट्रव्यवहारास गुप्तता अपरिहार्य असते. दत्त यांनी मौन पाळले नसते तर कोणत्याच पंतप्रधानाला सचिवांवर विश्वास टाकता आला नसता. हे खरे आहे. परंतु गुप्ततेला मुदत असावी लागते. १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्याखाली झालेल्या नियमांनी पंचवीस वर्षांनंतर कागद अभिलेखागारात जाण्याची दिशा दाखवलेलीच आहे. प्रश्न आहे तो ती सढळपणे पाळण्याचा. १९६२ च्या पराभवाची चौकशी करणारा हेंडरसन ब्रूक्स अहवाल सरकारने कित्येक दशके दडवून ठेवला, यातून कोणत्या पुढच्या सल्लागाराला काय शिकता आले?

दुसरा आक्षेप असा की, पुनर्वसन हे गृहखात्याचे आणि राज्य सरकारचे काम. त्याचा बोजा मुत्सद्द्यांवर कशासाठी? हा आक्षेप म्हणजे आपल्या प्रशासनाच्या दुखण्याचाच एक नमुना आहे. करार एक खाते करते, माणसे दुसरे खाते मोजते, जमीन तिसरे खाते देते आणि जातीचा दाखला चौथे खाते नाकारते. निर्वासिताला मात्र हे सारे एकच सरकार वाटते. आणि त्याचे म्हणणे चुकीचे नाही.

म्हणून मागणी माफक असली तरी निश्चित असावी. बंगाली वसाहतींतील वाटपाच्या जमिनींच्या नोंदी गावोगाव शिबिरे घेऊन निर्वेध कराव्यात. सरकारने स्थलांतरित केलेल्या कुटुंबांच्या जातीचा प्रश्न राज्यांच्या याद्यांच्या कुंपणात अडकवून न ठेवता संसदेने सोडवावा. नोर्ग्येलिंगमध्ये जन्मलेल्या तरुणाला त्याची इच्छा असेल तर नागरिकत्वाचा सरळ मार्ग आणि नसेल तर दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा व प्रवासाचे सुलभ कागद मिळावेत. आणि परराष्ट्र सेवेत नव्याने दाखल होणाऱ्या उमेदवारांच्या प्रशिक्षणात जिल्हा पाहणी असतेच, त्यात अर्जुनी मोरगावसारख्या तालुक्याचा समावेश व्हावा.

सुबिमल दत्त हे सचोटीचे, परिश्रमी आणि स्पष्ट लिहिणारे अधिकारी होते. त्यांच्या कारकिर्दीला कमी लेखण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. परंतु मुत्सद्द्याच्या यशाची मोजणी केवळ करारांच्या तारखांनी करण्याची आपली सवय आता सोडली पाहिजे. त्याच्या सल्ल्याने जी माणसे हलली, ती कोठे जाऊन थांबली आणि तेथे त्यांच्या नावाचा सातबारा झाला किंवा नाही, हा त्या मोजणीतील पहिला प्रश्न असावयास हवा. अरुणनगरच्या आणि नोर्ग्येलिंगच्या लोकांना त्याचे पूर्ण उत्तर अजून मिळालेले नाही, आणि ते देण्याची जबाबदारी दिल्लीइतकीच मुंबईची आणि गोंदियाच्या जिल्हा कचेरीचीही आहे.